दुधनेच्या पाण्यात वाऱ्यासमोर

आधीच सांगून टाकते, जालना जिल्ह्यात समुद्र नाही हे मला ठाऊक आहे. हे वाक्य मला निघण्याआधी घरच्यांनी ऐकवलं, वाटेत गाडीवाल्यानं ऐकवलं आणि परत आल्यावर आमच्या बंदरावरच्या प्रत्येक रिकामटेकड्यानं ऐकवलं. आम्ही मालवणकडची माणसं. पाणी म्हणजे खारं, अशी आमची पक्की समजूत. पण पावसाळ्यात आमचा समुद्र बंद असतो. होड्या किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली पडून राहतात आणि माणसं घरात बसून एकमेकांचं डोकं खातात. नेमक्या त्याच दिवसांत तिकडे, दुधना धरणाच्या पाण्यावर, पश्चिमेचा वारा दिवस दिवस थांबत नाही, हे मला माझी हॉस्टेलची मैत्रीण रेखा फोनवर सहज बोलून गेली. "शुभे, वाळत टाकलेली लुगडी उडून जाऊन राह्यली इथं," एवढंच ती म्हणाली. मी फोन ठेवला आणि सामान बांधायला घेतलं.

सामान म्हणजे काय, तेही सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. एक फळी, एक शिड, आणि फळीच्या पोटाखाली बसवायचा कमरेएवढा उभा दांडा. त्या दांड्याच्या टोकाला विमानाला असतात तसे पंख. याला फॉइल म्हणतात. शिडात वारा भरला, वेग आला, की पाण्याखालचे पंख फळीला उचलून धरतात. मग तुम्ही पाण्याच्या हातभर वर, काही आवाज न करता चाललेले असता. वाऱ्याबरोबर जाणं कुणालाही जमतं. खरी परीक्षा असते परत येण्याची. वारा जिकडून येतो तिकडे सरळ जाताच येत नाही. तिरकं जायचं, वळायचं, पुन्हा दुसऱ्या बाजूला तिरकं जायचं, असं करत थोडं थोडं वर चढायचं. सहा वर्षं मी हा खेळ खेळते आहे आणि सहा वर्षं मला नेमकं एवढंच धड येत नव्हतं.

त्याचं फळ मला फेब्रुवारीत मिळालं. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा असतो, तो त्या दिवशी वाढत गेला. मी बाहेर गेले ती गेलेच. परत चढता येईना. दर वळणाला किनारा आणखी लांब. शेवटी शिड पाण्यात पाडून फळीवर पोटावर झोपले आणि साडेतीन तासांनी एका मासेमारी बोटीनं मला उचललं. माझा नवरा दत्ता त्या सगळ्या वेळात वाळूत उभा होता. त्याला पहिला तासभर माझं शिड दिसत होतं, नंतर दिसेनासं झालं.

दत्ता आरडाओरडा करणारा माणूस नाही. त्यानं तीन महिने या विषयावर तोंड उघडलं नाही आणि मग एक दिवस जेवताना अट घातली. जिथून सुटशील तिथे परत यायचं, फळीवरून, कुणी ओढल्याशिवाय, कुणी हात लावल्याशिवाय. जमलं तर मी पुन्हा काही बोलणार नाही. नाही जमलं तर फळी विकायची. मी म्हटलं, तू बघायला असशील का? तो म्हणाला, गरज नाही, तू खोटं सांगणार नाहीस. ह्या एका वाक्यानं त्यानं मला पुरती बांधून टाकली.

शनिवार

रेखाचं सासर परतूर तालुक्यात, धरणाच्या काठावरच्या गावात. जुनं गाव पाण्यात गेलं. नवं गाव वर माळावर वसवलेलं, सरळ रस्ते, एकसारखी घरं, दारात तुळस आणि ट्रॅक्टर. आमच्याकडे घर शोधायचं तर माडांतून, पाणंदीतून, तीन कुत्र्यांची परवानगी घेत जावं लागतं. इथे गल्ली नंबर सांगितला की काम झालं.

रेखाचा नवरा विलास कपाशीच्या शेतातून चिखलाच्या पायांनीच आला आणि फॉइल बघून म्हणाला, "वहिनी, हे फवारणीचं ड्रोन हाये का?" त्यानं धरणात उतरायच्या परवानगीचं आधीच बघून ठेवलं होतं आणि वाऱ्यानं मला कुठे नेऊन टाकलं तर आणायला पिकअपही तयार ठेवली होती. माझ्या कौशल्यावर त्याचा एवढा भरवसा बघून मी काय बोलणार!

रेखाचे सासरे म्हणजे बापू. पंचाहत्तरीचे, सडसडीत, पांढरं धोतर, खांद्यावर पंचा. ओसरीवर बसून त्यांनी माझी सगळी चौकशी केली. आई-वडील, शेती किती, नारळाला काय भाव. पाण्याबद्दल मात्र एक शब्द विचारला नाही. रेखानं मला आत नेऊन सांगितलं की गाव बुडाल्यापासून बापू पाण्याकडे उतरलेले नाहीत. ओसरीचं तोंडही त्यांनी मुद्दाम दुसरीकडे करून घेतलं.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं आणि सगळं घर खूश झालं. झोपायच्या आधी दत्ताचा फोन आला, पोचलीस का विचारलं आणि ठेवला.

रविवार

काठावर लिंबाजीभाऊ भेटले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या दुधनेत मासे धरणारं. थर्मोकोलचे चौकोन दोरीनं आवळून केलेला त्यांचा तराफा, त्यावर ते मांडी घालून बसतात आणि हातातल्या दोन फळकुटांनी वल्हवतात. आमच्याकडचा कुणी तसल्या वस्तूवर पाय ठेवणार नाही. त्यांनी माझ्या सामानाकडे बघितलं आणि त्यांचंही तेच मत झालेलं दिसलं.

पाण्याची पातळी जुलैत खाली गेलेली. काठापासून थोडं आत एका जुन्या चिंचेचा वठलेला बुंधा पाण्यातून वर आलेला होता. तिथे पाणी माझ्या कमरेच्या वर. मी ठरवलं, सुटायचं इथून आणि परत यायचं तेही इथेच. पूर्वेला तीनेक किलोमीटरवर पंपाची पांढरी खोली दिसत होती. वाऱ्याबरोबर तिथपर्यंत जायचं, मग वाऱ्याच्या तोंडाला तोंड देत बुंध्यापर्यंत परत. लिंबाजीभाऊंनी जाळी कुठे कुठे लावली आहेत ते दाखवलं आणि बुंध्याच्या उजवीकडून मला खोल पाण्यात नेऊन सोडलं.

गोड्या पाण्यात फळी जड वाटते, हे मी ऐकून होते. जड कसली, पहिल्यांदा तर दगडावर उभी आहे असं वाटलं. पण वारा असा होता, की दोन झटक्यांत फळी वर उचलली गेली आणि मी पंपाच्या खोलीशी कधी पोचले कळलंही नाही. तिथे वळले. आणि माझं नेहमीचं नाटक सुरू झालं.

माझा रोग मला माहीत आहे. त्याचं नाव हावरटपणा. फळी जरा उचलली गेली की मी तिचं नाक वाऱ्याकडे वळवते. अजून थोडं, अजून थोडं. मनात हिशेब एकच, की जितकं वर बघू तितकं वर जाऊ. तसं होत नाही. वाऱ्याच्या फार जवळ गेलं की शिडातला जोर जातो, वेग मरतो, पाण्याखालचे पंख उचलायचं सोडून देतात आणि फळी धपकन खाली बसते. मग वारा तुम्हाला आडवं ढकलत नेतो आणि कमावलेलं सगळं परत घेतो. त्या दिवशी मी सात वेळा चढले आणि सात वेळा बसले. दंडांत गोळे आले, तळहाताची साल निघाली. शेवटी पंपाच्या खोलीपासून अर्धा किलोमीटर वर नाही तर खाली, धरणाच्या अंगाला, काट्याच्या झुडपांत जाऊन लागले. विलास पिकअप घेऊन आला. येताना त्यानं माझ्यासाठी बिस्किटचा पुडा आणला होता, ते मला जास्त लागलं.

दत्ताचा फोन आला. "आज?"

"गाडीनं," मी म्हटलं.

"बरां," तो म्हणाला.

सोमवार

वारा थोडा मऊ होता. मी मनाशी घोकत होते, आधी वेग, मग वळण. जमतही होतं. पाच-सहा तिरक्या फेऱ्यांत मी चिंचेचा बुंधा ओळखू येईल इतकी वर आले. रेखा काठावर फोन धरून उभी दिसत होती. आणि तो बुंधा दिसला आणि माझं डोकं फिरलं. आता काय, आलंच की! मी नाक थेट बुंध्याकडे केलं.

खाडकन आवाज झाला आणि मी फळीच्या पुढे, शिडाच्या वर, पाण्यात. डोकं वर काढलं तर उभी राहू शकत होते, पाणी मांडीएवढंच. पायाखाली दगडाची रांग. गुडघा फुटला होता. पण मी पाहिला तो फॉइलचा पंख. कडेला बोटभर लांबीचा, खोल ओरखडा. माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिता येणार नाही, रेखाच्या फोनमध्ये मात्र आहे.

तिथून बुंधा जेमतेम दोनशे पावलं. चालत गेले असते तर पाच मिनिटांत पोचले असते. चालतच गेले, दुसरं काय करणार. फळी डोक्यावर घेऊन लंगडत काठाला आले तर समोर बापू उभे. चप्पल हातात, धोतर वर खोचलेलं. माझी किंकाळी वर माळापर्यंत ऐकू गेली होती म्हणे. सून एकटी काठावर आहे आणि कुणीतरी बुडालं, एवढंच त्यांना वाटलं, आणि इतक्या वर्षांत जे पाय खाली उतरले नव्हते ते उतरले.

मी ठीक आहे हे बघून त्यांनी विचारलं, कुठं लागलं? मी बोट दाखवून जागा सांगितली. बापू बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग पंखावरच्या ओरखड्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"माझ्या गोठ्याची भिंत हाये ती," ते म्हणाले. "मजबूत बांधल्ती."

मला हसावं की माफी मागावी कळेना. मी म्हटलं, बापू, मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, तुला कसं माहीत असणार, पोरी. आणि मग तिथेच, ओल्या चिखलात उकिडवे बसून, त्यांनी काटकीनं मला सगळं गाव काढून दाखवलं. इथे गोठा, इथे मारुतीचा पार, ही विहीर, ही चिंच, म्हणजे तो बुंधा. गाव उंचावर होतं, म्हणून तिथे आता पाणी उथळ, सगळीकडे दगडमाती. आणि खाली नदी. नदीतून गावात यायला एकच गाडीवाट होती. पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्यांनी घासून घासून ती पुरुषभर खोल गेलेली. आग्नेयेकडून तिरकी वर येत ती थेट चिंचेखाली निघायची. गाळ भरला असला तरी तिच्यात आजही छातीभर पाणी असणार.

म्हणजे माझ्या फॉइलला बुंध्यापर्यंत पोचायला सबंध गावातून ती एकच वाट होती. आणि ती सुरू होत होती खाली, नदीच्या जुन्या पात्रात, मी आज सोडून आले त्या जागेच्याही मागे.

"सरळ नसतं यायचं," बापू म्हणाले. "भरली गाडी नदीतून सरळ चढावर घातली का बैल गुडघ्यावर येतेत. आधी पात्रातून चालवायची. बैल चालीला लागू द्यायचे. मंग हळूच वळवायचं. बैलाला कळूच द्यायचं न्हाई का चढ लागला."

सहा वर्षांत मी किती व्हिडिओ पाहिले, गोव्याच्या शिक्षकाला किती फोन केले. सगळे मला हेच सांगत होते. डोक्यात शिरलं ते त्या चिखलात.

त्या दिवशी फोनवर दत्ता म्हणाला, "आज?" मी म्हटलं, "चालत." तो म्हणाला, "बरां." पण या वेळी जरा उशिरा म्हणाला.

बुधवार, आष्टी

मंगळवार गुडघ्यापायी ओसरीवर गेला. बुधवारी सकाळी शिडाला ताणून धरणारी दोरी बघितली तर ती अर्धी झिजलेली. रेखाचं माहेर जवळच, परतूर तालुक्यातल्याच आष्टीला. तिला तसंही जायचं होतं, म्हणून दोघी गेलो. बाजारातल्या एका जुन्या दुकानात मी दोरीचा तुकडा पुढे ठेवला. दुकानदार शेठ मूळचे राजस्थानचे, पण बोलायला बसले की आष्टीचेच. त्यांनी विचारलं, जनावर कोणतं हाये? मी म्हटलं, जनावर नाही, शिड आहे. "वढ किती राहील?" माझ्या वजनाएवढी, मी म्हटलं. शेठनी मला बिलकुल संकोच न करता वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बैलाच्या कासऱ्याची, पिवळी, जाड दोरी काढून दिली. "बराबर बसंल," म्हणाले. तिथे चहा पिण्यावाचून सुटका नव्हती. आमच्याकडे दुकानदार गिऱ्हाईक आलं म्हणजे उपकार झाल्यासारखं बघत नाही, उलट आपलीच दुपारची झोप मोडली म्हणून वैतागतो. ती दोरी अजून माझ्या शिडाला आहे.

रेखाच्या आईनं दह्याबरोबर धपाटे वाढले आणि माझा गुडघा बघून विचारलं, नवरा काही म्हणत न्हाई का? रेखा म्हणाली, म्हणतो ना, त्यासाठीच तर आली.

परतताना रेखानं मला तिच्या फोनमधले सोमवारचे व्हिडिओ दाखवले. मी स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक फेरीत माझी मान वाकडी, डोळे बुंध्यावर, ढुंगण मागे पडलेलं आणि हात वाळत घातल्यासारखे ताठ. रेखाला या खेळातलं काही कळत नाही. पण ती म्हणाली, "तू घरी यायची किती घाई करून राह्यली, शुभे." मला राग आला. खरं होतं म्हणूनच आला.

गुरुवार, शुक्रवार

हे दोन दिवस मी बुंध्याचं नावही काढलं नाही. खोल पाण्यातच राहिले, नदीच्या जुन्या पात्रावर, आणि एकच गोष्ट घोटली. वळल्यावर आधी वाऱ्याला आडवं जायचं, लाज न बाळगता. वेग अंगात मुरेपर्यंत नाक हलवायचं नाही. मग हातांनी नाही तर कमरेचा पट्टा शिडाच्या दांडीला अडकवून त्यात वजन टाकून लटकायचं, पुढचा पाय दाबून फळीचा उड्या मारण्याचा स्वभाव मोडायचा. आणि सगळ्यात अवघड म्हणजे फळी वाऱ्याच्या बाजूला, आपल्या अंगावर, किंचित कलती घ्यायची. मन म्हणतं, आता पाठीवर पडणार. पण तशी कलली की पाण्याखालचे पंख फळीला आपसूक वर, वाऱ्याकडे ओढत नेतात. मी पडले, पुष्कळ पडले. शुक्रवारी दुपारनंतर एक फेरी अशी आली, की पाण्याचा आवाजच बंद झाला आणि मी बघते तर पंपाची खोली मागे, खूप मागे राहिलेली. मी एकटीच मोठ्यानं हसले.

बापू दोन्ही दिवस काठावर छत्री घेऊन बसले होते. लिंबाजीभाऊंकडून त्यांनी गाडीवाटेच्या तोंडाशी थर्मोकोलचा एक पांढरा तुकडा दगडाला बांधून खुणेसाठी टाकून घेतला. बापू पाण्यापाशी आले या आनंदात लिंबाजीभाऊंनी मरळ मासा दिला. तो शिजला अंगणात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात, विलासच्या हातून. घरातल्या चुलीला मासा चालत नाही आणि बायका त्याला हात लावत नाहीत. आमच्याकडे मासा नसेल तर त्याला स्वयंपाक म्हणत नाहीत. विलासनं तिखट असं टाकलं, की तो गोड्या पाण्याचा आहे हे मला कळलंही नाही.

दोन्ही दिवस परत आले ते गाडीनंच. तसंच दत्ताला सांगितलं. रविवारी सकाळी मला निघायचं होतं. शनिवार शेवटचा.

शनिवार

सकाळपासून पश्चिमेला काळं धरलं होतं. विलास म्हणाला, वहिनी, आज नका जाऊ, दुपारी मोठं येणार. मी म्हटलं, म्हणूनच आत्ता जाते. रेखानं माझा लाइफ जॅकेटचा पट्टा दोनदा ओढून बघितला.

पंपाच्या खोलीपर्यंत पोचले तेव्हाच वारा वाढला होता. वळले. पहिली फेरी चांगली. दुसरी चांगली. तिसरीत झोत आला, हात सुटता सुटता राहिला, पण कमरेत वजन होतं म्हणून टिकले. चौथ्या फेरीत लाटा आखूड आणि उंच झाल्या, आमच्या समुद्रात अशा नसतात, श्वास घ्यायलाही जागा ठेवत नाहीत. पण फळी बसली नव्हती. एकदाही बसली नव्हती. नववी का दहावी फेरी संपली तेव्हा चिंचेचा बुंधा समोर होता, स्पष्ट, जवळ. काठावर माणसं जमली होती. मागून ढगांचा गडगडाट.

आणि पांढरा तुकडा कुठे दिसेना.

लाटांत तो हरवला होता. मग एकदम दिसला, माझ्या मागे, डावीकडे, खूपच खाली. मी फार वर आले होते. इथून बुंध्याकडे सरळ गेले असते तर मध्ये गोठ्याची भिंत. चालत गेले असते तर... नाही. एकच मार्ग होता. जे दहा फेऱ्यांत कमावलं, त्यातलं बरंच परत द्यायचं, वाऱ्याबरोबर मागे जायचं, नदीच्या पात्रातून वळायचं आणि गाडीवाटेच्या तोंडात शिरायचं. पुन्हा चढायला हातात बळ उरेल की नाही, माहीत नव्हतं. पाठ फिरवली की फेब्रुवारीच आठवणार होता. किनारा लांब जाणार होता. मला भीती वाटली.

मी नाक खाली केलं आणि निघाले.

वारा पाठीशी आल्याबरोबर फळी अशी सुटली की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काठावरून आरडाओरडा ऐकू आला. आणि मग बघते तर लिंबाजीभाऊ! तराफा घेऊन, जीव तोडून वल्हवत, माझ्याकडे. त्यांना वाटलं, ताई वाहून चालली. त्या भल्या माणसानं ढगांकडे न बघता तराफा पाण्यात लोटला होता, आणि तो नेमका त्या पांढऱ्या तुकड्याशी, गाडीवाटेच्या तोंडाशी येऊन थांबला होता. हातात दोरी.

"ताई, धरा, मी वढतो," ते ओरडत होते.

त्यांनी मला स्पर्श केला असता तर संपलं होतं. मी वळले. आडवी चालवली, एक, दोन, तीन श्वास, बैल चालीला लागू दे. मग हळूच वर. फळी अंगावर कलती. तराफा समोर वाढत चाललेला.

"लिंबाजीभाऊ, आडवे पडा," मी ओरडले. "मला हात लावू नका."

काय कळलं त्यांना देव जाणे, पण ते तराफ्यावर सपाट पडले. शिडाची दांडी त्यांच्या पाठीवरून गेली. माझ्या खाली पाणी एकदम गप्प झालं, दोन्ही बाजूंना लाटा उथळावर फुटत होत्या आणि मधली पट्टी काळी, सरळ, तिरकी वर जात होती. मी बुंध्याकडे बघितलं नाही. शपथ घेऊन सांगते, एकदाही नाही. मी समोरच्या काळ्या पट्टीकडे बघत होते. बुंधा आला तो मला खांद्याला घासून गेला तेव्हा कळला.

मी दांडी सोडली आणि पाण्यात बसले. हात उघडेनात, बोटं तशीच वळलेली. रेखा साडीसकट पाण्यात शिरून आली आणि तिनं माझ्या पाठीत एक सणसणीत गुद्दा घातला आणि मग रडायला लागली. विलास लिंबाजीभाऊंना आणायला धावला. थेंब पडायला लागले होते.

मी मागे फिरले तेव्हा काठावर काय झालं ते रेखानं नंतर सांगितलं. सगळे ओरडले, गेली, गेली. एकटे बापू बसून होते. ते म्हणाले, "थांबा रे, ती गाडी नदीत घालून राह्यली." पण तोवर लिंबाजीभाऊ निघून गेले होते.

रविवार

सामान बांधताना बापू आले. त्यांनी फॉइलचा पंख मागितला, मांडीवर घेतला, ओरखड्यावर पुन्हा अंगठा ठेवला. उत्तर माहीत असूनही मी विचारलं, बापू, घरी गेले की हे भरून टाकू का, माझा नवरा फायबरचं काम करतो, दिसणारही नाही.

"राहू दे तेवढं," बापू म्हणाले. "बुजवू नको."

मी हो म्हटलं. त्यांनी पंख कपड्यात स्वतः गुंडाळून दिला. ओसरीचं तोंड अजून दुसरीकडेच होतं, पण खुर्ची मात्र त्यांनी उचलून घराच्या बाजूला, पाणी दिसतं तिथे ठेवली होती.

दत्ताला फोन आदल्या दिवशीच झाला होता. मोठा पाऊस पडत होता, पत्र्यावर काही ऐकू येत नव्हतं. त्यानं विचारलं, "आज?"

"फळीवरून."

त्यानं विचारलं, "कोणी हात लावल्यान?" मी त्याला सगळं सांगितलं, मागे फिरले तेही, लिंबाजीभाऊंना आडवं पाडलं तेही. मागे फिरताना भीती वाटली का, त्यानं विचारलं. मी म्हटलं, वाटली.

"नीट बांधून घेवन ये," शेवटी तो म्हणाला. "ओरखडो पडाक नको."

मी म्हटलं, एक आहे. तो लगेच म्हणाला, मग इलंस की भरून देतंय. मी म्हटलं, नको, तो तसाच ठेवायचा आहे. तेव्हा बापू अजून काही बोलले नव्हते, पण मला ठाऊक होतं. दत्तानं का म्हणून विचारलं नाही. परवा बघितलं तर पंख पुसून त्यानं भिंतीला टांगून ठेवला होता, ओरखडा बाहेरच्या बाजूला करून.